कोन दिसले, माणूस दिसला नाही: बडोद्यातल्या एका रात्रपाळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाइपलाइन टाकणाऱ्या एका कंत्राटदाराचं. मी तिथे पगारी सेफ्टी ऑफिसर होतो, त्यामुळे जे चुकलं त्यात माझा वाटा आहे, आणि तो कागदावर सहीसकट आहे. कंपनीचं नाव, नेमका रस्ता आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. बाकी सगळं घडलं तसं.

काम बडोद्याच्या पूर्व बाजूला, हायवेकडे जाणाऱ्या एका चौपदरी रस्त्याच्या कडेने चाललं होतं. दिवसा रस्ता अडवायची परवानगी नव्हती. रात्री दहाला बॅरिकेड लागायचे, पहाटे पाचला चर बुजवून किंवा झाकून रस्ता मोकळा करायचा. साधारण पंचेचाळीस माणसं, त्यात बारा बायका. बहुतेक दाहोद आणि छोटा उदेपूरकडचे, काही सीमेपलीकडच्या झाबुआ-अलीराजपूरचे. एक जेसीबी, एक जनरेटर, दोन्ही टोकांना झेंडी दाखवून गाड्या वळवणारा एकेक फ्लॅगमन.

शेठ गुजराती. साइट इंजिनियर कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मराठी मुलगा. स्टोअर नानांकडे. नाना आमच्याच डांडिया बाजारातल्या वाड्यात राहिलेले, माझ्या वडिलांचे जुने स्नेही, त्यामुळे ऑफिसात सगळे मला सर म्हणायचे आणि नाना अरे-तुरे करायचे. ते पुढच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे, कारण नानांना मी चूक दाखवायला वर्षभर कचरत होतो.

जॅकेटं प्रत्येकाकडे होती. पोपटी जाळीची, पाठीवर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत, पुढेमागे राखाडी रेडियमची पट्टी. आपल्याकडे चमकणाऱ्या कुठल्याही पट्टीला रेडियम म्हणतात. त्या धातूचा आणि हिचा काही संबंध नाही. नग ८५ रुपयांना. वाटपाच्या रजिस्टरमध्ये शेहेचाळीस अंगठे आणि सह्या. रोज रात्री मी तपासणी यादीवर ‘रिफ्लेक्टिव्ह जॅकेट’ या ओळीसमोर ‘होय’ लिहून सही करायचो.

त्या रात्री

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, पहाटेचे अडीच. शहराकडून येणारा एक रिकामा छोटा हत्ती टेम्पो रस्ता अडवायला ठेवलेले तीन प्लास्टिकचे कोन चिरडत आत आला. त्या टोकाचा फ्लॅगमन बावीस वर्षांचा. त्याने चराच्या बाजूला उडी मारली, मातीच्या ढिगावर पडला आणि उजवं मनगट मोडून घेतलं. गाडी त्याच्या कमरेला घासून गेली होती. अर्धा फूट इकडे असता तर हे लिखाण वेगळं झालं असतं.

आमचा सगळ्यांचा पहिला निष्कर्ष ठरलेला: ड्रायव्हर प्यायलेला असणार. तो प्यायलेला नव्हता. पोलिसांनी तपासलं. चौकीत तो रडकुंडीला येऊन एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, की कोन दिसले होते म्हणून गाडी वळवायला घेतली, पण माणूस दिसला नाही. इंजिनियर माझ्या कानात म्हणाला, “सर, जॅकेट घातलेलं होतं हो त्याने. मी स्वतः बघितलं होतं.”

दोघंही खरं बोलत होते, हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

अडचण नेमकी कुठे होती

त्या मुलाचं जॅकेट दवाखान्यातून पिशवीत परत आलं होतं. स्टोअरचे दिवे घालवले, एक चिरडलेला कोन आणि ते जॅकेट पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि पंधरा पावलांवरून मोबाईलचा टॉर्च डोळ्याशेजारी, कानशिलाला लावून धरला. टॉर्च छातीशी धरला तर ही परीक्षा फसते. प्रकाश जिथून गेला तिथेच परत येतो, त्यामुळे डोळा दिव्याच्या जवळ हवा. कोनाची पांढरी पट्टी ट्यूबलाइट लावल्यासारखी पेटली. जॅकेट म्हणजे भिंतीवर एक करडा डाग.

नाना मागे उभे होते. म्हणाले, “अरे, धुळीने झालं असेल. पूस जरा.”

पुसलं. थोडं उजळलं, पण कोनाच्या जवळपासही नाही. पट्टीवर नख फिरवलं तर राखाडी भुकटी नखात आली. खाली नुसतं कापड.

या पट्ट्यांचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चांगल्या पट्टीत डोळ्यांना न दिसणारे काचेचे मणी असतात, त्यांच्या मागच्या अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमचा थर. हेडलाइटचा किरण मण्यात शिरतो, मागच्या थरावर आपटतो आणि आला त्याच वाटेने परत फिरतो. मणी झिजले, थर निघाला किंवा वर मातीचं पुट बसलं की परतीची वाट बंद. जॅकेटचा पोपटी रंग ही दुसरीच गोष्ट. तो सूर्यप्रकाशातला डोळ्यांना न दिसणारा अतिनील भाग घेऊन दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो, म्हणून दिवसा आणि संध्याकाळी तो अंगातून उजेड फुटल्यासारखा दिसतो. रात्री अतिनील नाही, म्हणून तो रंग जवळपास मेलेला. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली तर मळका बनियन आणि फ्लोरोसंट जॅकेट यांत फारसा फरक उरत नाही. आमचं सगळं काम रात्रीचं. म्हणजे आमचा सगळा भरवसा त्या राखाडी पट्टीवर, आणि ती भुकटी होऊन नखात.

पुढच्या दोन दिवसांत आम्ही सगळी जॅकेटं गोळा केली. शेहेचाळीसपैकी अडतीस आली. टॉर्चच्या परीक्षेत नऊ पास झाली. त्यांतली चार स्टोअरमध्ये न उघडलेल्या पिशवीतली होती. पिशवीवर छापलं होतं ‘ईएन ४७१ प्रमाणे’. ईएन ४७१ हे जुनं युरोपीय मानक. २०१३ साली त्याची जागा आयएसओ २०४७१ ने घेतली. जॅकेटच्या आत मात्र कसलंही लेबल नव्हतं, ना वर्ग, ना कितीदा धुवायचं त्याचा आकडा.

मानकात खरं म्हणजे काय लिहिलंय, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. प्रशिक्षणात ‘क्लास टू, क्लास थ्री’ ऐकलेलं असतं, पण वर्ग म्हणजे प्रत नव्हे, मोजलेलं क्षेत्रफळ. पहिल्या वर्गात फ्लोरोसंट कापड किमान ०.१४ चौरस मीटर आणि चमकणारी पट्टी ०.१० चौरस मीटर. दुसऱ्यात ०.५० आणि ०.१३. तिसऱ्यात ०.८० आणि ०.२०. हे सगळ्यात लहान मापाच्या कपड्यालाही भरलं पाहिजे. पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर. आमच्या जॅकेटची पट्टी मी फूटपट्टीने मोजली: ३८. नुसत्या बिनबाह्यांच्या जॅकेटला तिसरा वर्ग मिळूच शकत नाही. त्यासाठी धडाबरोबर पट्ट्या असलेल्या बाह्या किंवा पूर्ण पायांची विजार लागते. त्याच मानकाच्या जोडपत्रात मार्गदर्शन आहे की ज्याचं लक्ष वाहतुकीकडे नसून कामात आहे अशा माणसाच्या आसपास गाड्या ताशी ६० किलोमीटरपेक्षा वेगाने जात असतील तर तिसरा वर्ग, ६० पर्यंत दुसरा. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५८०९ आहेच, आणि रस्त्यावरच्या कामाची मांडणी कशी करायची ते इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५५ मध्ये, २०१४ च्या आवृत्तीत, आहे. दोन्ही ऑफिसच्या कपाटात होती. प्लास्टिकच्या वेष्टनात.

एक हिशेब मी कागदावर करून भिंतीला चिकटवला. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरले तर ३३ मीटर गेले. ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी अठ्ठावीस-तीस. म्हणजे फ्लॅगमन साठ मीटरच्या पलीकडून दिसलाच पाहिजे. आम्ही मोटरसायकलचा हेडलाइट डिप्परवर ठेवून पावलं मोजली. जुनं जॅकेट घातलेला माणूस पंचवीस पावलांवर ‘असावा’ इतपत कळत होता.

कोणते पर्याय होते

शेठच्या केबिनमधली बैठक दोन तास चालली, मधे सेव-उसळ आली. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने जखमी मुलाचा दवाखाना आणि सहा आठवड्यांची मजुरी न मागता दिली. पण जॅकेटसाठी पैसे म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला, कारण त्याच्या हिशेबी जॅकेटं आधीच घेतलेली होती.

नानांचा पर्याय सगळ्यात सोपा: तीच ८५ ची जॅकेटं, दर तीन महिन्यांनी नवी. पन्नास नगांचे ४,२५० रुपये. हा मूर्खपणाचा प्रस्ताव नव्हता. नवी असताना त्यातली पट्टी थोडीफार चमकते. पण थोडीफार म्हणजे किती, हे सांगायला त्या दुकानदाराकडे चाचणीचा एकही कागद नव्हता. मानकातली चांगली नवी पट्टी, समोरून प्रकाश टाकून, दिवा आणि डोळा यांच्यात १२ मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या पाचव्या भागाचा, कोन ठेवून मोजली तर, दर लक्सला दर चौरस मीटरला किमान ३३० कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक) परत देते. घासून, वाकवून, धुऊन झाल्यावरही निदान १०० उरले पाहिजेत. आमच्या जॅकेटचा हा आकडा कुणालाच ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसलेल्या आकड्यावर माणूस उभा करायचा होता.

दुसरा पर्याय म्हणजे सगळ्यांना दुसऱ्या वर्गाची, लेबल आणि चाचणी अहवाल असलेली जॅकेटं. नग ४२० रुपये. तिसरा, सगळ्यांना तिसऱ्या वर्गाचा पूर्ण जोड, पूर्ण बाह्या आणि विजार, १,४५० रुपये. इंजिनियर याच्या बाजूचा होता. मी नव्हतो. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये रात्रीही कापड अंगाला चिकटतं; चरात उतरून फावडं मारणारा माणूस तासाभरात तो जोड काढून मातीवर ठेवेल, आणि मग आपल्याकडे अत्यंत सुरक्षित मातीचा ढीग असेल.

चौथा पर्याय मी मांडला आणि मला अजूनही तोच पहिला वाटतो: आधी पैसे जॅकेटवर न घालता अडथळ्यावर घालावेत. पाण्याने भरायचे प्लास्टिकचे बॅरियर, कोनांची लांबलचक तिरकी रांग, शंभर मीटर आधीपासून फलक, आणि फ्लॅगमन रांगेच्या आत. जॅकेट गाडी थांबवत नाही. ते फक्त ड्रायव्हरला विनंती करतं.

शेठ म्हणाला, “बॅरियर पण घ्या, जॅकेट पण घ्या, मग मी काय घ्यायचं?” सगळे हसले, आणि मग खरंच तोडगा निघाला. बॅरियर भाड्याने. पंचेचाळीस जॅकेटं दुसऱ्या वर्गाची, १८,९००. तिसऱ्या वर्गाचे सहा जोड फक्त फ्लॅगमन आणि जेसीबीच्या हेल्परसाठी, ८,७००. शिवाय प्रत्येकाला घोट्यावर बांधायच्या चमकत्या पट्ट्यांची एक जोडी, ६० रुपयांना, पन्नास जोड्यांचे ३,०००. एकूण ३०,६००, म्हणजे जेसीबीच्या तीन-एक रात्रींचं भाडं.

घोट्याच्या पट्ट्यांवर शेठने विचारलं, “आ शूं? पैंजण?” कारण साधं आहे. छातीवरची पट्टी एका जागी उभी असली की लांबून ती बॅरिकेडसारखीच दिसते. त्या ड्रायव्हरला काही चमकलं असतं तरी त्याने ते अडथळ्यात मोजलं असतं. घोटे आणि मनगटं हलली की मेंदू क्षणात ओळखतो की हा चालणारा माणूस आहे. मला विचाराल तर त्या तीस हजारांतला सगळ्यात उपयोगी खर्च या तीन हजारांचा होता.

काय केलं, आणि कुठे अडलं

रंगावरून वाद झाला. फ्लोरोसंट पिवळा सगळ्यात उजळ. मानकात त्याच्या उजळपणाची किमान मर्यादा ०.७० आहे, केशरी-लालची ०.४०. मग सगळ्यांना पिवळा, असं मी ठरवून टाकलं होतं. जेसीबीच्या ऑपरेटरने अडवलं. त्याचं यंत्र पिवळं, पहाटेच्या उजेडात त्याच्या बकेटजवळ पिवळा माणूस हरवतो. मुद्दा बिनतोड होता. मग चरातल्या टोळीला केशरी आणि कोनांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या फ्लॅगमनना पिवळा, अशी वाटणी झाली.

शेठला पाठीवर नाव हवंच होतं, पूर्वीएवढं मोठं. छापलेला भाग फ्लोरोसंट क्षेत्रफळातून वजा होतो, आणि अक्षरं पट्टीवर चढली तर पट्टीही गेली. नाव छातीच्या डाव्या बाजूला, खिशाएवढं आलं. शेठ आठवडाभर नाराज होता.

बायकांच्या बाबतीत मी पूर्ण चुकलो होतो. जॅकेटं वाटली, फोटो काढला, सगळं छान. कामाला सुरुवात झाल्यावर बघतो तर घमेलं डोक्यावर घ्यायला त्यांनी पदर किंवा ओढणी डोक्यावरून खांद्यावर आणि पुढे खोचलेली, नेमकी पट्टीवरून. बारा जणींपैकी दहांच्या पाठीची पट्टी अर्धी झाकलेली. मी म्हटलं, “बेन, ओढणी आत घ्या.” घेतली, आणि पाचव्या घमेल्याला पुन्हा बाहेर. तीन रात्री हा खेळ चालला. मग त्यांच्यातली वयाने मोठी, सगळे तिला मासी म्हणायचे, ती वैतागून म्हणाली की आम्ही साडीवर घरधन्याचा जुना शर्ट घालतोच, तुम्ही शर्टच असा का देत नाही?

खरंच की. रस्त्यावर काम करणाऱ्या बायका साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, हे मी जन्मभर पाहत आलोय. ऊन, खरचटणं, लोकांच्या नजरा, सगळ्याला तोच एक उपाय. चमकत्या पट्ट्यांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट मिळतात. बारा आणले, एकेक माप मोठं, म्हणजे ओढणी आतच राहते आणि बाह्यांवरही पट्टी येते. लहान मापांत क्षेत्रफळ भरत नव्हतं म्हणून लेबलवर वर्ग दुसराच होता. चालेल. तो वर्ग रात्रभर अंगावर उघडा राहत होता.

धुणं हा दुसरा घोळ. लेबलवर पंचवीस धुण्यांची मर्यादा होती. आमची माणसं झोपडीवर जाऊन सोडा लावून दगडावर आपटून धुवायची. जुन्या जॅकेटांची भुकटी तिथेच झाली होती. मी म्हटलं, जॅकेटं साइटवर जमा करा, आम्ही पंधरवड्याला धुऊन देऊ. कुणी जमा करेना. मला वाटलं थंडी. कारण निघालं वेगळंच: पहाटे पाचला घोळक्याने झोपडीकडे चालत जाताना अंगात जॅकेट असलं की गस्तीवाले हटकत नाहीत. कामाचा माणूस आहे हे त्यांना कळतं. जॅकेट त्यांच्यासाठी ओळखपत्र होतं. मग घरी न्यायची मुभा ठेवली, नुसत्या पाण्याने मऊ फडक्याने पट्टी पुसायची एवढंच सांगितलं, आणि साबणाचं धुणं स्टोअरकडे. प्रत्येक धुण्याला नाना आतल्या लेबलवर काळ्या मार्करने एक रेघ मारायचे. ही कल्पना त्यांचीच.

दुसरी ठेच

नवी जॅकेटं वाटून अकरा दिवस झाल्यावर मी मुद्दाम माझ्या स्कूटरवरून, कुणाला न सांगता, पहाटे तीनच्या सुमारास शहराकडून साइटकडे आलो. अभिमान बघायला आलो होतो म्हणा. कोन दिसले, बॅरियर दिसले. फ्लॅगमन दिसला नाही. तिसऱ्या वर्गाचा जोड, घोट्याला पट्ट्या, सगळं अंगावर, आणि मला तो चाळीस पावलांवर दिसला.

त्याच्या मागे जनरेटरच्या खांबावर आमचाच फ्लडलाइट लावलेला होता. साइटवर अजून सगळे त्याला हॅलोजनच म्हणतात. चरात उजेड पडावा म्हणून तो तिरका केलेला, आणि त्याचा सगळा झोत येणाऱ्या गाड्यांच्या डोळ्यांत. त्या झोतासमोर माझ्या स्कूटरच्या दिव्याने पट्टीवरून परत आणलेला उजेड म्हणजे उन्हात काडेपेटी. मी खांबाखाली उभा राहून वर बघितलं. खांबाच्या बुंध्याला गिट्टीचा जुना ढीग होता. फेब्रुवारीतही तो तिथेच होता.

नट-बोल्टचे दोन पाने आणि दहा मिनिटं. दिवा रस्त्याच्या उलट बाजूला नेला, झोत गाड्यांच्या दिशेनेच पण त्यांच्या मागून, खाली चरात. पुन्हा स्कूटरवरून आलो. फ्लॅगमन दीडशे पावलांवरून दिसला, आणि घोटे हलताना त्याच्याही आधी कळलं की माणूस आहे.

त्या अपघातात जॅकेटचा वाटा किती आणि दिव्याचा किती, हे आता वेगळं काढता येणार नाही. माझा अंदाज दिव्याकडे झुकतो. अहवालात मी फक्त जॅकेट लिहिलं होतं. तो अहवाल नंतर दुरुस्त केला. शेठने विचारलं, मग तीस हजार फुकट गेले का? नाही गेले, पण क्रम उलटा झाला. न खर्चाचं काम शेवटी झालं.

अजून एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. इंजिनियरने एका डंपरच्या केबिनमध्ये बसून तीच परीक्षा केली आणि म्हणाला, “सर, वरून कमी चमकतं.” बरोबर होतं. पट्टी प्रकाश दिव्याकडे परत पाठवते, आणि ट्रकवाल्याचे डोळे त्याच्या दिव्यांपेक्षा बरेच वर असतात. गाडी जवळ येते तसा दिवा आणि डोळा यांच्यातला हा कोन वाढतो, आणि मानकाच्या तक्त्यातच १२ मिनिटांना ३३० असलेला आकडा एक अंशाला २५ वर येतो. कारवाल्याला झगझगीत दिसणारा माणूस डंपरवाल्याला जवळून मंद दिसतो. आमच्या साइटवर माती वाहणारे डंपर दिवसाला नाही तरी रात्रीला वीस फेऱ्या करायचे. मागे येणाऱ्या डंपरजवळ जायचंच नाही, इशारा शिट्टीने, हा नियम त्यानंतर आला.

निकाल

काम जुलैअखेर संपलं. फेब्रुवारीनंतर कोणाला गाडी लागली नाही. कोन दोनदा चिरडले, दोन्ही वेळा फ्लॅगमन बॅरियरच्या आत होता. यातलं श्रेय कशाला किती द्यायचं ते मी ठरवू शकत नाही. पाच महिने हा काही पुरावा नव्हे.

जूनमध्ये पावसाने आम्हाला पुन्हा पकडलं. पहिल्याच सरीला सगळ्यांनी निळे प्लास्टिकचे रेनकोट चढवले, जॅकेटावरून. साइटवर पंचेचाळीस निळी भुतं. मार्चमध्ये खरेदी करताना पाऊस माझ्या डोक्यातही आला नव्हता. मग जॅकेट रेनकोटवरून घालायचं ठरलं. शर्टवाल्या बायकांसाठी मोठ्या मापाची जॅकेटं वेगळी आणावी लागली. शिवाय ज्या पट्टीत मणी उघडे असतात तिच्यावर पाण्याचा थर बसला की ती फिकी पडते. पावसात पट्टी किती चमकते, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावं लागतं. आम्ही विचारलं नव्हतं. जोराच्या पावसात दोन रात्री काम बंद ठेवलं, शेठला न विचारता. त्याने काही म्हटलं नाही.

तपासणी यादीतली ती ओळ बदलली. ‘रिफ्लेक्टिव्ह जॅकेट: होय/नाही’ काढून ‘शहराकडून आणि हायवेकडून, फ्लॅगमन किती पावलांवर दिसतो’ अशी केली. दोन आकडे. आठवड्यातून एकदा, स्वतः चालत जाऊन. इंजिनियर कुरकुर करायचा, पण एका रात्री त्यानेच आकडा सत्तर लिहून पट्टी बदलायला लावली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली खरेदी झाली तेव्हा नानांकडून चाचणी अहवाल मागायला हवा होता. मी संकोचलो. नंतर मागितला तेव्हा त्यांनी उलट विचारलं, “आधी का नाही बोललास?” आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरेदीच्या आधी एक रात्र ड्रायव्हरच्या जागेवरून साइट बघितली असती तर दिवा तेव्हाच फिरला असता. आणि मासीला आधी विचारलं असतं तर बारा जॅकेटांचे पैसे वाचले असते.

एक चूक मात्र सगळं संपल्यावर कळली. जुनी जॅकेटं नानांनी पोत्यात भरून स्टोअरच्या मागे ठेवली होती. ऑक्टोबरात नवरात्रीत बायकोमुलीला घेऊन एका गरबा मैदानावर गेलो. पार्किंगच्या तोंडाशी एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हात हलवून गाड्या आत घेत होता. माझ्या गाडीचा दिवा त्याच्यावर पडला तेव्हा तो गर्दीतून वेगळा निघालाच नाही. काच खाली केली तेव्हा तो पाठमोरा झाला, आणि दहा-बारा फुटांवरून मला त्याच्या पाठीवरचं नाव वाचता आलं. आमच्या कंपनीचं. ठळक अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी नानांना विचारलं. म्हणाले, “मी कुणाला दिली नाहीत रे. भंगारवाला पोतं घेऊन गेला, त्याने विकली असतील.”

तेव्हापासून बाद झालेल्या जॅकेटची पट्टी स्टोअरमध्येच कात्रीने मधोमध कापतात आणि रजिस्टरमध्ये तारीख घालतात. त्या मुलाला मी माझ्या डिकीतलं एक जॅकेट दिलं होतं. त्याने ते घातलं, खाली जुनं तसंच ठेवून.